विचारलं नाहीत तुम्ही

कुणी दार वाजवलं की म्हातारी केराना आधी कडी न काढता फटीतून बघायची. एक डोळा दिसायचा, मग अर्धं नाक, आणि मग प्रश्न यायचा, "काय काम आहे?" टपालवाली बाई पेन्शन घेऊन आली तरी हाच प्रश्न, शेजारीण विरजण मागायला आली तरी हाच. तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा झेल्याझ हा रोडोपी डोंगरातल्या त्यांच्या येलोवो गावाचा सरपंच झाला आणि चॉकलेटचा डबा घेऊन तिच्या दारात उभा राहिला, तेव्हाही फटीतून विचारणा झाली, "सरपंच म्हणून आलायस की भाचा म्हणून?"

"भाचा म्हणून, मावशी."

"मग ये. तो गळ्यातला टाय तेवढा खिशात घाल."

गावात तिच्या या स्वभावाची चेष्टा व्हायची, पण तिच्यासमोर नाही. ज्यांना तिचा बाप आठवत होता, ते तर चेष्टाही करत नसत. बाप साधा, विश्वासू माणूस होता. गावात सामुदायिक शेती आली तेव्हा शहरातून दोघे जण आले आणि म्हणाले, जनावरं तात्पुरती एका गोठ्यात ठेवायची आहेत. लोक कुरकुरत होते. बापाला वाटलं, आपण पुढे झालो तर बाकीचेही येतील, उगाच वितुष्ट नको. म्हणून तो आपल्या म्होरक्या शेळीचा कान धरून स्वतः पुढे चालला आणि सगळा कळप मुकाट मागून गेला. ते तात्पुरतं त्याच्या मरणापर्यंत टिकलं. लहानग्या केरानानं तेव्हा एकच गोष्ट पाहून ठेवली होती. जाण्याआधी बापानं शेळ्यांच्या गळ्यांतल्या चांगल्या घंटा सोडवून माळ्यावरच्या गवतात पुरल्या होत्या. म्हणजे त्यालाही पूर्ण विश्वास नव्हता. तरी तो गेला. याचं तिला आयुष्यभर कोडं वाटत राहिलं, आणि रागही येत राहिला.

पुढे सामुदायिक शेती मोडली, ज्याचं त्याला थोडंफार परत मिळालं, आणि केरानानं कळप उभा केला. माळ्यावरच्या घंटा पुन्हा शेळ्यांच्या गळ्यांत गेल्या. रोडोपीच्या डोंगरात घंटा कुणी अशाच बाजारातून उचलून आणत नाही. लोहाराच्या दुकानात बसून एकेक कानाशी धरायची, हलवायची, दुसरीशी जुळते का ते ऐकायचं, जुळली नाही तर परत टांगून ठेवायची. एका घरच्या घंटा पिढ्यान् पिढ्या अशा जमतात. संध्याकाळी कळप खाली उतरायला लागले की बायका स्वयंपाकघरात घेवड्याचं सूप ढवळता ढवळता सांगत, साबरीचा कळप ओढ्याशी आला, केरानाचा अजून वर आहे. केरानाच्या कळपाचा आवाज जाड, घुमणारा. पलीकडच्या उतारावरच्या साबरीचा बारीक, पाणी दगडांवरून जावं तसा.

त्या उन्हाळ्यात शेळ्यांच्या साथीची बातमी आली. आधी दक्षिणेकडच्या गावांतून, मग जवळून. नदीवरचा पूल पुरात वाहून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, अर्जांमागून अर्ज करूनही लोक अजून फळ्यांवरूनच ये-जा करत होते. पण साथ म्हटल्यावर एका दिवसात त्या फळ्यांच्या तोंडाशी अडसर उभा राहिला, औषधात भिजवलेली चटई पसरली, पोलीस आला. "बघा," केराना चौकात म्हणाली, "रस्ता सापडला सरकारला. मारायचं असलं की सापडतो."

सगळ्या कळपांचं रक्त घेऊन गेले. काही दिवसांनी गुरांचे डॉक्टर पाशेव तिच्या कुंपणाशी आले. उंच, वाकलेला, डोळ्यांखाली काळं झालेला तरुण माणूस. बरोबर टाय लावलेला झेल्याझ, आणि मागे बघायला जमलेलं अर्धं गाव.

"आजी, तुमच्या दोन शेळ्यांच्या रक्तात रोग सापडलाय."

"कुठल्या दोन?"

डॉक्टरांनी हातातला कागद पाहिला आणि कानातल्या बिल्ल्यांचे आकडे वाचले.

"आकडे नकोत. लंगडी? चितकबरी? की शिंग मोडलेली?"

"ते आकड्यांवरूनच कळतं."

"म्हणजे आजारी कोण ते तुला तोंडावरून ओळखता येत नाही. आणि मारणार किती?"

"नियमाप्रमाणे सगळा कळप. उद्या."

"तुझ्या घरात एकाला खोकला झाला तर तुम्ही किती जणांना मारता?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. झेल्याझ पुढे झाला. "मावशी, ऐकून तरी घे..."

"मावशी म्हणू नकोस. आत्ता टाय आहे तुझ्या गळ्यात."

मग ती बोलतच सुटली. ही जमीन कुणाची? हे कुंपण कुणी घातलं? करडू अडलं तेव्हा तुमचा डॉक्टर कुठे होता? माझ्या बापालाही तात्पुरतंच म्हणाला होतात ना? लोकांकडे वळून तिनं सांगितलं की रोगबिग काही नाही, बाटल्या बदलल्या असणार, वरच्या कुरणावर कुणाला तरी बर्फावर घसरायचं हॉटेल बांधायचं आहे, शेळ्या गेल्या की माणसं जातील आणि मग डोंगर मोकळा. निम्म्या लोकांना ते पटलं. पाशेव मान खाली घालून ऐकत राहिले. ते काहीतरी बोलायला गेले होते असं नंतर झेल्याझला आठवलं, पण तेवढ्यात केरानानं कुंपणाचं फाटक आदळून लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती म्होरकी सिव्का आणि पाच-सहा पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेऊन अस्वलदरीत उतरली. तिथे एक पडकं दगडी खोपट होतं. जाण्याआधी तिनं त्या सगळ्यांच्या घंटा काढल्या, कारण आवाज दरीतून गावात आला असता. करड्या रंगाची सिव्का मान झटकत राहिली. काहीतरी हरवल्यासारखी इकडे तिकडे बघत राहिली. केरानानं खोपटाच्या दारात फांद्या रचल्या, घंटांचं पोतं खांद्यावर टाकलं आणि मागे न बघता चढ चढून घरी आली.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. डॉक्टरांनी मोजलं.

"कमी आहेत."

"लांडग्यानं नेल्या."

"इतक्या?"

"लांडगाही तुमचाच आहे. त्याला मारलं तर आम्ही तुरुंगात. तेव्हा हिशेब त्यालाच विचारा."

मग ती घरात गेली आणि स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसली. राहिलेल्या शेळ्यांच्या घंटा तिनं काढल्या नव्हत्या, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेर काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. आधी सगळा आवाज होता. मग तो विरळ होत गेला. शेवटी एकच घंटा राहिली, बरीच जाड, लंगडीची असावी. मग तीही थांबली.

दुपार कलल्यावर माणसं ताडपत्र्या धूत होती. केराना पायरीवर बसली होती, कुणाकडे बघत नव्हती. आणि धारेच्या वेळेला वरच्या वाटेनं त्या तरण्या पाठी खाली आल्या. एकामागून एक, घाई न करता, रोज येत तशा, आणि बंद फाटकाशी उभ्या राहून ओरडायला लागल्या. म्होरकीच्या घंटेशिवाय त्यांना कुणाच्या मागे राहायचं ते कळलं नव्हतं. फांद्या ढकलून बाहेर पडल्यावर सिव्का एकीकडे गेली असणार, त्या एकीकडे. आणि धारेची वेळ झाली की शेळी जाणार कुठे? घरी.

पांढऱ्या कपड्यांतल्या एकानं पाण्याची नळी बंद केली. "लांडग्यानं परत पाठवल्या वाटतं," तो म्हणाला. पाशेवांनी केरानाकडे पाहिलं, तिनं त्यांच्याकडे. मग ती उठली आणि स्वतःच फाटक उघडलं, कारण पाठी ओरडत होत्या आणि त्यांचं ओरडणं तिला सहन होईना.

त्याही गेल्या. सिव्का मात्र आली नव्हती. त्या घरात त्या संध्याकाळी तेवढाच एक आधार होता. एक वाचली. त्यांच्या हाती न लागलेली, डोंगरात कुठेतरी.

दोन दिवसांनी केरानाला ती दिसली. पलीकडच्या उतारावरून साबरीचा कळप वर चालला होता, आणि सगळ्यांच्या पुढे, गळ्यात काही नसलेली, करडी सिव्का. केरानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचं घर जळत असताना शेजारी लाकडं उचलून नेतो म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. तिनं काठी घेतली आणि ओढा ओलांडून साबरीच्या घरी गेली.

"सावा! ए सावा!" तिनं मुद्दाम तसं हाकारलं.

"सावा वारला," आतून आवाज आला. "साबरी घरी आहे."

हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. सत्तरच्या दशकात सरकारनं डोंगरातल्या सगळ्या मुसलमानांची नावं बदलून ख्रिस्ती नावं केली होती. बरीच वर्षं साबरी कागदावर सावा होता. पगाराला सावा, दवाखान्यात सावा. राजवट बदलल्यावर त्यानं नाव परत मिळवलं, आणि कुणी जुन्या नावानं हाक मारली की तो त्या माणसाला सावाच्या मृत्यूची बातमी द्यायचा.

तो बाहेर आला, हात पुसत.

"माझी शेळी तुझ्या कळपात काय करतेय?" केराना म्हणाली.

"तेच मी तुला विचारणार होतो. तुझी शेळी माझ्या कळपात काय करतेय?"

"चोरलीस."

"चोर निदान धडधाकट कळपातली बघतो, केराना. तूच सोडलीस तिला. तुझ्या गेल्या, आता माझ्याही जाव्यात म्हणून."

"मी? मी असं करीन?"

"मला चोर म्हणालीस त्याला अजून मिनिट झालं नाही. मी तुझ्याबद्दल काय समजू?"

साबरीच्या कळपाचं रक्त स्वच्छ निघालं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याला सवयच होती म्हणून त्यानं कॉफी आणली, आणि तीही सवयीनं दगडी हौदाच्या काठावर बसली. मग तिनं खोपटाचं सांगितलं, घंटांचं सांगितलं.

साबरीनं कपाळावर हात मारला. "घंटा काढल्यास? म्होरकीची? अगं, तिला दुसऱ्या कळपाचा आवाज आला की ती तिकडे जाणार. माझ्या घंटा दरीत ऐकू येतात. अख्खं आयुष्य शेळ्या राखल्यास आणि हे तुला सुचलं नाही?"

"मला त्यांचे कान चुकवायचे होते. शेळ्यांच्या कानांचा विचारच केला नाही."

सिव्का कुंपणाशी साबरीच्या करडांबरोबर मिठाचा खडा चाटत होती. दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"आज कापतो आणि पुरतो," साबरी हळू आवाजात म्हणाला. "तू काही पाहिलं नाहीस, मी काही पाहिलं नाही."

"आणि तिनं दिला असला तर?"

"काय?"

"रोग."

"कुठला रोग? तूच चौकात बोंबलत होतीस ना, रोग नाहीच, बाटल्या बदलल्या, हॉटेल बांधणार आहेत? मी ऐकलं. मला पटलंही."

"बोंबलत होते."

"मग?"

कप तोंडाशी नेऊन केरानानं तो तसाच खाली ठेवला. "तेव्हा शेळ्या माझ्या होत्या," ती शेवटी म्हणाली. "आता तुझ्या आहेत. तुझ्या शेळ्यांवर पैज लावायला मी कोण?"

"म्हणजे तू सांगायला जाणार."

"तू हो म्हटल्याशिवाय नाही. त्यांनी मला विचारलं नाही म्हणून मी त्यांना शिव्या घातल्या. तुला न विचारता गेले तर मी वेगळी कशी?"

साबरीनं हातातला कप गोल फिरवला. मग म्हणाला, "नावं बदलायला आले होते ना, तेव्हा माझ्या दारात पोलीस होते आणि समोर तुझी खिडकी होती. ती लागली. मला कडीचा आवाज आला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"लागली," केराना म्हणाली. "मीच लावली."

"माहीत आहे." त्यानं कॉफीचा गाळ हौदाबाहेर झटकला. "खालच्या वाडीत माझ्या लेकीचा कळप आहे. याच ओढ्याचं पाणी पितो. ही आजारी असली आणि मी गप्प बसलो, तर सरकारनं मारायचं ते मीच मारलं असं होईल. जा तू. पण त्यांच्या तोंडी शब्दावर विसंबून येऊ नकोस. मलाही एकदा तोंडी सांगितलं होतं, घरात तुला काय हवं ते म्हणव, फक्त कागदावरच आहे. नीट बांधून आण तो शब्द. नाहीतर येऊच नकोस."

पाशेव गावच्या कचेरीतच मुक्काम ठोकून होते. केराना गेली तेव्हा ते टेबलावर पेपर पसरून पाव आणि दही खात होते. झेल्याझ खिडकीशी उभा होता. तिनं सगळं सांगितलं, फक्त साबरीनं पुरून टाकायचं म्हटलं होतं ते गाळून. पाशेवांनी चमचा खाली ठेवला. उठून त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, हे कुणाला बोलू नका. उद्या मी एकटाच वर जातो, त्या शेळीचं आणि त्यांच्या कळपाचं गुपचूप रक्त घेतो. निकाल येईपर्यंत मी काही पाहिलं नाही."

कुणाचीही छाती आनंदानं भरून यावी असं ते बोलणं होतं. केरानाच्या अंगावर मात्र काटा आला. जो माणूस तिच्यासाठी आज डोळे मिटू शकतो, तो उद्या दुसऱ्या कुणासाठी ते उघडू शकतो. उपकार करायचा की नाही हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याच हातात सगळं असतं. बापाकडे आलेले ते दोघे जणही फार गोड बोलले होते.

"गुपचूप का?" ती म्हणाली. "नियमाच्या बाहेर आहे का हे?"

"नाही. बाहेर नाही."

"मग?"

पाशेवांनी झेल्याझकडे पाहिलं. झेल्याझ खिडकीबाहेर बघायला लागला.

"मालकानं मागितली तर दुसरी तपासणी करावी लागते," पाशेव म्हणाले. "दुसऱ्या प्रयोगशाळेत. निकाल येईपर्यंत कळप बंद ठेवायचा, पण हात लावायचा नाही. तसं आहे नियमात. फक्त आम्ही आपणहून सांगायचं नाही, असं वरून आलंय. सगळेच मागायला लागले तर माणसं कुठून आणणार? आम्ही इतक्या गावांना मिळून दोघं आहोत."



"कुठल्याही मालकानं?" केराना म्हणाली.

"कुठल्याही."

"मीसुद्धा?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीत तुम्ही."

ती पुढे झाली तेव्हा झेल्याझला वाटलं की आता ती डॉक्टरला काठी मारणार. पाशेवही तसंच समजून उभे राहिले, पण मागे सरकले नाहीत. "तुम्ही मला सगळं विचारलंत," ते म्हणाले. "जमीन कुणाची, कुंपण कुणाचं, हॉटेल कुणाचं. मी वाट बघत होतो. एकदा तरी विचाराल, पुन्हा तपासता येईल का. मला आपणहून सांगायची बंदी होती, उत्तर द्यायची नव्हती. पण तुम्ही फाटक लावलंत आणि लपवायला गेलात."

केराना खुर्चीवर बसली. तिला दोन गोष्टींचा राग आला होता आणि त्यातली एक ती स्वतः होती. दोन्ही राग एकमेकांत असे गुंतले की कुठला आधी ओकावा ते तिला कळेना. मग तिनं वर पाहिलं. टेबलाच्या कडेला जुना माइक होता. त्याचा भोंगा चौकातल्या खांबावर, आणि तिथून तारा गावभर. टपाल आलं, पाणी जाणार, मतदान आहे, सगळं त्यावरून सांगत.

"हे बोल यात," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललास ते. मागता येतं ते, आणि निकाल येईपर्यंत हात लावणार नाही ते. आणि निकाल आला की आधी इथे वाचणार, मग काय ते."

"आजी, माझी नोकरी आहे."

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. नियमात आहे तेच वाच. वाचल्यानं नोकरी जात असेल तर तो नियम कुणासाठी लिहिलाय ते तरी मला सांग."

"मावशी," झेल्याझ म्हणाला, "भोंग्यावर काय बोलायचं त्याला जिल्ह्याची मंजुरी लागते."

"कोण म्हणालं?"

"असं... लागतेच."

"कुठे लिहिलंय?"

सरपंच झाल्यापासून झेल्याझनं हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं. तो टेबलाशी आला, खिशातून किल्ली काढली आणि माइकच्या पेटीत फिरवली. खरखर सुरू झाली. त्यानं माइक पाशेवांकडे सरकवला.

पाशेवांनी बॅगेतून नियमाचं पुस्तक काढलं. पान शोधताना ते दोनदा पुढे जाऊन मागे आले. पण वाचायला लागल्यावर आवाज स्थिर झाला. सगळ्या खांबांवरून तो एकदमच आला. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या मळ्यात. मिरच्या खुडणाऱ्या बायका थांबल्या. शेवटी ते नियमात नसलेलं एक वाक्य बोलले, "हे मी आधी सांगायला हवं होतं." मग खरखर बंद झाली.

संध्याकाळच्या आत कचेरीपुढे दुसरी तपासणी मागणाऱ्यांची रांग लागली.

निकाल येईपर्यंत साबरीचा कळप बंद होता. केराना रोज सकाळी पाव आणि मिरच्या फडक्यात बांधून त्याच्या फाटकाशी येऊन बसायची. कुत्रं आत शिरू नये, कुणाची शेळी ओढा ओलांडून येऊ नये, बाहेरच्याचे बूट आत जाऊ नयेत. स्वतःला पाणी हवं असलं तरी ती बाहेरूनच विचारायची, "आत येऊ का?"

"माझ्या घरी येऊन तू पहारा देतेस," साबरी म्हणायचा, "आणि वर मलाच परवानगी मागतेस. सरकार झालीस की तू."

"सरकार झाले तर आधी तुझ्या बायकोला पेन्शन देईन, तुला सोसल्याबद्दल."

"माझी बायको वारली त्याला किती वर्षं झाली, केराना."

"मग थकबाकीसकट तिच्या लेकीला."

तो हसायचा आणि पाण्याचा तांब्या कुंपणावरून द्यायचा. पण हसण्याखाली दोघांनाही घोर होता. रोज सकाळी साबरी प्रत्येक शेळीच्या नाकाडाला हात लावून बघायचा, आणि केराना बाहेरून त्याच्या तोंडाकडे. कुठलीतरी शिंकली की दोघंही थिजायची. डॉक्टर निकाल इकडचा तिकडे करतील का, यावर त्यांची रोज चर्चा व्हायची. साबरीला वाटायचं, करतील. केराना म्हणायची, आता अवघड आहे, सगळ्या गावानं ऐकलंय. आणि असं म्हणता म्हणता तिची नजर खालच्या रस्त्याकडे जायची.

निकाल आला त्या दिवशी चौक भरला होता. केराना आत, टेबलाशी उभी होती, तसं तिनं आधीच ठरवून घेतलं होतं. पाशेवांनी माइकवर एकेक नाव वाचलं. साबरीचा कळप, रोग नाही. त्यातली करडी शेळी, बिल्ला अमुक, रोग नाही. बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. मग गिरणीवाल्या रूसीचा कळप, तिथे रोग निघाला, दुसऱ्या तपासणीतही. शिट्टी थांबली. रूसी म्हातारा गर्दीतून वाट काढत बाहेर पडला. नंतर कळलं की त्यानं घरी जाऊन फाटक स्वतः उघडून ठेवलं होतं.

म्हणजे साथ खरी होती. हॉटेल होतं की नव्हतं ते देव जाणे, पण साथ होती.

पाशेवांनी शेवटचं नाव वाचलं आणि पेटीतल्या किल्लीकडे हात नेला.

"आणि माझ्या?" केराना म्हणाली.

त्यांचा हात थांबला. किल्ली अजून फिरली नव्हती, बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी सिव्का माझ्याच कळपात होती. एकाच हौदाचं पाणी प्यायची. तिला नाही. मग बाकीच्यांना होता का?"

"पहिल्या तपासणीत दोघींच्या..."

"पहिलीचं मला माहीत आहे. मी विचारतेय, होता का?"

पाशेवांना कितीतरी सांगता आलं असतं. एकीला असतो, दुसरीला नसतो. खबरदारी म्हणून करावं लागतं. त्या वेळच्या माहितीवर निर्णय होतो. झेल्याझ पुढे होऊन हे सगळं त्यांच्या वतीनं सांगण्याच्या बेतात होता.

"मला माहीत नाही," पाशेव म्हणाले. "आणि आता कळायची सोयही नाही."

सरकारी माणसाच्या तोंडून बाहेर पडलेलं आणि केरानाला खरं वाटलेलं असं हे पहिलंच वाक्य होतं. तिला त्यानं बरं वाटलं नाही. तिनं मान हलवली, काठी घेतली आणि ती बाहेर पडली. लोकांनी तिला वाट दिली.

सहा महिने तिला जनावर ठेवायची मनाई होती, म्हणून सिव्का साबरीकडेच राहिली. "खाण्याचं काय घेशील?" तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "सावाला विचार, हिशेब तो बघायचा."

पुढच्या आठवड्यात झेल्याझ तिच्याकडे आला. गोठ्याच्या भिंतींना चुना मारला होता, त्याचा वास अजून अंगणात होता. आतलं रिकामेपण त्या पांढऱ्या रंगानं जास्तच दिसत होतं. झेल्याझ पायरीवर बसला आणि बराच वेळ बूट घासत राहिला.

"जिल्ह्यातून फोन आला होता," तो म्हणाला. "माइकच्या पेटीची किल्ली जमा करा म्हणाले. यापुढे घोषणा तेच पाठवणार, आपण फक्त लावायची."

केरानाला जराही आश्चर्य वाटलं नाही. ती याचीच वाट बघत होती, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांची बदली झाली का, हेही तिनं विचारलं. अजून नाही, झेल्याझ म्हणाला, पण दुसऱ्या भागात पाठवणार असं बोललं जातंय.

"आणि किल्ली? दिलीस?"

"नाही अजून."

"का?"

"कुठल्या कायद्यानं मागताय, ते विचारलंय मी." तो स्वतःच जरा घाबरल्यासारखा हसला. "बघून सांगतो म्हणाले. चार दिवस झाले, बघतायत अजून."

केरानानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा मुलगा खरं बोलतोय की तिला बरं वाटावं म्हणून, याचा ती अंदाज घेत राहिली. मग उठून तिनं कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं.

"उद्या परत विचार," ती म्हणाली.